खळ काढणं वेगळं, कापड आटवणं वेगळं

मागच्या दिवाळीत भाचीसाठी गोधडी शिवली. आत आईच्या जुन्या सुती साड्यांचे थर, वर कोरा मांजरपाट, त्यावर साखळी टाक्याचे मोर. मांजरपाट रात्रभर भिजवला, पिळला, दोरीवर चिमटे लावून चांगला ताणून वाळवला. तरी पहिल्याच धुण्यात मोरांच्या पोटावर चुण्या. खळ निघाली होती, पण कापड आटलंच नव्हतं.

आमच्याकडे दोन्हीला एकच सल्ला मिळतो, 'पाण्यातून काढून घे'. पण मागावर उभं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ पाजतात. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांत राबलेल्या माणसाला सुताला खळ पाजणारं सायझिंग खातं सांगावं लागत नाही. ती खळ कापडात राहिली तर सुई कुरकुरत जाते, धागा घासून पिसारतो, आणि पेटीत ठेवलेल्या गोधडीला कसर लागते. कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी साबणाने धुतलं की खळ जाते. पाणी दुधाळ आणि जरा आंबूस झालं तर काम चाललंय समजायचं. खात्री हवी तर चिंधीवर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा डाग पडला की अजून खळ आहे.

आटण्याचं कारण दुसरंच. विणताना सूत ताणलेलं असतं. पाणी लागलं की ते सैल होऊन मूळ मापाकडे परततं, जास्त करून लांबीत. म्हणून गरम पाण्यात भिजवायचं आणि न ताणता वाळवायचं, खाटेवर सैल पसरून. चिमट्यांनी ताणलं की आटलेलं पुन्हा लांबतं. माझी चूक तीच. वैशाखात जळगावकडे पारा 44 च्या वर जातो, तासाभरात कापड खडखडीत वाळतं. त्यामुळे भिजवणं-वाळवणं दोन-तीनदा करायला कंटाळा नको. आधी पेनाने 50 सेंटिमीटरची खूण करून ठेवा. दर वेळी मोजा. माप कमी होणं थांबलं की बस्स. 4 टक्के आटणारं दोन मीटर कापड 8 सेंटिमीटर कमी भरतं. आतल्या साड्या आधीच आटलेल्या, म्हणून सगळा ओढा वरच्या भरतकामावर येतो.

रंगीत कापडाला मात्र उकळतं पाणी नको.

दुकानात 'सॅनफोराइज्ड' (म्हणजे गिरणीतच आधी आटवलेलं) असा शिक्का असलेलं कापड मिळालं तर आटवण्याची फारशी काळजी नाही. खळ मात्र त्यालाही असू शकते. ती काढूनच सुई धरा.