उपास बायकांचे, प्रयोग पुरुषांवर

हरितालिकेच्या रात्री बारा वाजून गेले की माझी आई रुईच्या पानाला लावलेलं तूप चाटायची आणि मग घोटभर पाणी प्यायची. तोवर दिवसभर पोटात काही नसायचं. त्या तासांत तिच्या शरीरात काय चालायचं, हे शोधायला मी उपाशीपणाच्या संशोधनाचा इतिहास उघडला, तर पानोपानी पुरुषच भेटले.

1912 मध्ये बोस्टनच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी एका माणसाचा 31 दिवसांचा उपास मोजला. तो पुरुष. 1944-45 मध्ये मिनेसोटात अॅन्सल कीज यांनी 36 जणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेही सगळे पुरुष. त्याच हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये खरा दुष्काळ होता आणि तिथे असंख्य बायकांची पाळी थांबली होती. बाईचं शरीर उपासमारीला कसं उत्तर देतं, हे तिथे उघड्यावर दिसत होतं.

आज लोक ज्याला इंटरमिटंट फास्टिंग, म्हणजे ठरावीक वेळ खाऊन ठरावीक वेळ उपाशी राहणं, म्हणतात, त्याचं मूळ 1946 मध्ये शिकागोतल्या उंदरांवरच्या प्रयोगात सापडतं. कार्लसन आणि होएल्झेल यांनी त्यांना ठरावीक दिवसांआड उपाशी ठेवलं. तीन दिवसांतून एक उपास सर्वांत मानवला. नरांचं आयुष्य सुमारे 20 टक्के वाढलं, माद्यांचं 15. हा फरक पुढे फारसा कुणी उचलून धरला नाही.

माझ्या मते खरी गाठ सुटली ती 1994 मध्ये लेप्टिन सापडल्यावर. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात आणि घरात साठा किती आहे, हे मेंदूला कळवतात. उपासात लेप्टिन झपाट्याने खाली येतं, अगदी चरबी शिल्लक असली तरी. 1996 मध्ये उपाशी उंदरांना लेप्टिन टोचलं, तर माद्यांचं लांबणारं बीजमोचन बऱ्याच अंशी वेळेवर आलं. दोनच वर्षांनी दिसलं की उपासमारीने मंदावलेल्या टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही लेप्टिन दिल्यावर पुन्हा जोमाने काम करतात. चयापचय, पाळी आणि प्रतिकारशक्ती या तिघींना एकच निरोप जातो: धान्य संपत आलंय, खर्च आवरा.

2003 मध्ये अॅन लाउक्स यांनी तर बायकांमध्येच हा उंबरठा मोजला. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज 30 कॅलरींपेक्षा कमी मिळालं, की पाचच दिवसांत बीजकोशांना चालवणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लय बिघडू लागली. 2005 मध्ये लुईझियानात आठ पुरुष आणि आठ बायकांनी 22 दिवस एकाआड एक उपास केला. जेवणानंतर पुरुषांचं इन्सुलिन कमी चढू लागलं. बायकांची साखर मात्र किंचित जास्त चढली.

बायकांना उपास मानवतो, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 2011 मध्ये मॅंचेस्टरच्या संशोधक मिशेल हार्वी यांनी 107 जाड बायकांना सहा महिने अभ्यासलं. आठवड्यातले दोन दिवस अगदी कमी खाणाऱ्यांचं वजन रोज थोडं कमी खाणाऱ्यांइतकंच उतरलं आणि इन्सुलिनचा परिणाम थोडा जास्त सुधारला. 2022 मध्ये संशोधक क्रिस्टा वराडी यांच्या गटाने दिवसात चार किंवा सहा तासच खाणाऱ्या स्थूल बायका आठ आठवडे पाहिल्या. ज्यापासून शरीर लैंगिक संप्रेरकं बनवतं ते डीएचईए सुमारे 14 टक्क्यांनी घटलं, टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक जागेवर राहिलं.

प्रतिकारशक्तीची गोष्ट आणखी ताजी आहे. 2019 मध्ये दिसलं की काही तासांच्या उपासात मोनोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तातून कमी होतात, त्यामुळे दाह उतरतो. 2023 मध्ये उंदरांत कळलं की त्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि उपास सोडताच लोंढ्याने परत येतात. तेव्हा जंतुसंसर्ग झालेले उंदीर जास्त दगावले. म्हणून उपास सोडण्याची वेळ मला उपासाइतकीच महत्त्वाची वाटते.

हार्वी आणि वराडी यांच्याकडे आलेल्या बायकांचं वजन मुळात जास्त होतं. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हा आकडा 54 टक्के होता. चतुर्थी, एकादशी, सोमवार सांभाळून आता मोबाइलवर सोळा तासांच्या उपासाचं घड्याळ लावणाऱ्या बऱ्याच जणी त्या 54 टक्क्यांत असतील.