हवेतला पास हिसकावणं इतकं अवघड का?

1952 साली लॉस एंजेलिसमधल्या विमान कारखान्यात राबणारा डिक लेन नावाचा तरुण तिथल्या रॅम्स या अमेरिकी फुटबॉल संघाच्या कचेरीत काम मागायला गेला. त्याला व्हायचं होतं रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा. पण त्या जागेवर टॉम फिअर्स आणि एलरॉय हर्श यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू आधीपासून होते, म्हणून त्याला बचावात उभं केलं गेलं. त्या पहिल्याच हंगामात लेननं 12 सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे 14 पास हवेतच पळवले. आता हंगाम 17 सामन्यांचा आहे, खेळाडू जास्त वेगवान आहेत, त्यांच्या आहार-व्यायामावर पाण्यासारखा पैसा खर्च होतो, तरीही एका हंगामातला 14 इंटरसेप्शनचा तो विक्रम कुणाला मोडता आलेला नाही.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, दोन्ही टोकांना निमुळत्या चेंडूचा. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू मागे सरकून पास फेकतो, त्याचा रिसीव्हर तो झेलतो. मध्येच बचावातल्या कुणी चेंडू झेलला तर ते इंटरसेप्शन, आणि चेंडूचा ताबा लगेच त्याच्या संघाकडे जातो. 1950च्या दशकात शंभर पासमागे 6 ते 8 इंटरसेप्शन होत. 1970च्या दशकात हा आकडा 5च्या आसपास आला. गेल्या काही हंगामांत तो 2 ते अडीचच्या दरम्यान आहे. प्रेक्षक वैतागून विचारतात, आमच्या बचावाला चेंडू पकडता येत नाही का? येतो. पण खेळाचं गणितच त्याच्या विरुद्ध आहे, आणि ते कागद-पेन्सिलीनं मांडून बघता येतं.

मध्यम लांबीचा एक पास घेऊ. क्वार्टरबॅकच्या हातापासून रिसीव्हरपर्यंत चेंडूला साधारण 20 मीटर जायचं आहे. चांगल्या पासचा वेग ताशी 80 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 22 मीटर. चेंडू हवेत असतो जेमतेम 0.9 सेकंद. डोळ्यांनी चेंडूची दिशा ओळखून पाय हलवायला माणसाला पाव सेकंद लागतो. हे झालं दिशा एका नजरेत कळली तर. उरले 0.65 सेकंद. जागेवरून सुटणारा तगडा धावपटू तेवढ्या वेळात एक-सव्वा मीटर सरकेल. लांब केलेल्या हाताची पोच धरली तर प्रत्येक बचावपटूभोवती दोन मीटर त्रिज्येचं एक वर्तुळ तयार होतं. त्या वर्तुळातला चेंडू त्याचा, बाहेरचा नाही.

आता मैदान बघा. रुंदी 160 फूट, म्हणजे जवळजवळ 49 मीटर. फक्त पहिल्या 20 यार्डांची पट्टी धरली तरी क्षेत्रफळ होतं 890 चौरस मीटर. पास अडवायला बहुतेक वेळा सात जण मागे थांबतात, बाकीचे चार क्वार्टरबॅकवर चाल करतात. सात वर्तुळांचं एकूण क्षेत्रफळ 88 चौरस मीटर. सगळे जण अगदी अचूक उभे राहिले, एकाचंही वर्तुळ दुसऱ्याच्या वर्तुळात शिरलं नाही, तरी पट्टीचा एक-दशांश भाग झाकला जातो. उरलेले नऊ-दशांश क्वार्टरबॅकला मोकळे. हे गणित ढोबळ आहे. खरा बचावपटू पुतळ्यासारखा उभा नसतो, तो रिसीव्हरबरोबर धावतच असतो. पण क्वार्टरबॅकचं पारडं किती जड आहे ते यातून कळतं.

माहितीच्या बाबतीतही बचाव उणाच. रिसीव्हरला आपण कुठे वळणार हे खेळी सुरू होण्याआधीच ठाऊक असतं. क्वार्टरबॅकलाही. मुरलेला क्वार्टरबॅक तर रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडतो. तो माणसाकडे फेकत नाही, माणूस जिथे पोचणार आहे त्या जागेकडे फेकतो. बचावपटूला यातलं काहीच ठाऊक नसतं. शिवाय तो एकास-एक पहारा देत असेल तर त्याची पाठ चेंडूकडे आणि नजर रिसीव्हरच्या कमरेवर. चेंडू आला हे त्याला कळतं ते रिसीव्हरचे डोळे मोठे झाले आणि हात वर गेले की. अशा वेळी हात मध्ये घालून चेंडू उडवता आला तरी पुष्कळ. जागा वाटून घेऊन, तोंड क्वार्टरबॅककडे ठेवून केलेल्या बचावात इंटरसेप्शन जास्त मिळतात, कारण तिथे चेंडू हातातून सुटतानाच दिसतो.

मग जे पकडतात ते कसे पकडतात? चेंडू सुटायच्या आधीच निघून. क्रिकेटमध्ये ताशी 140 किलोमीटरच्या चेंडूला खेळायला फलंदाजाकडे अर्धा सेकंदसुद्धा नसतो. तो गोलंदाजाच्या मनगटावरून आणि धावत येण्याच्या ढंगावरून अंदाज बांधतो. चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता चेंडू कुठे जाईल?’ असं विचारण्याचे प्रयोग टेनिस आणि क्रिकेटच्या खेळाडूंवर झाले आहेत. त्यांत निष्णात खेळाडू नवशिक्यांपेक्षा बरेच आधी आणि बरोबर सांगतात, आणि हा फरक दृष्टीच्या तीक्ष्णतेनं समजावता येत नाही. त्यांनी त्याच त्या हालचाली हजारदा पाहिलेल्या असतात.

याचं गाजलेलं उदाहरण 1 फेब्रुवारी 2015च्या सुपर बोलचं, म्हणजे अमेरिकी लीगच्या अंतिम सामन्याचं. न्यू इंग्लंड पेट्रियट्स 28-24नं पुढे, सिएटल सीहॉक्सचा चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर, घड्याळात अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ. रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले. पेट्रियट्सच्या माल्कम बटलरनं ती मांडणी ओळखली. सरावात याच खेळीवर तो फसला होता. सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सननं चेंडू सोडला तेव्हा बटलर निघालेला होता, आणि रिसीव्हर रिकार्डो लॉकेटच्या आधी तो तिथे पोचला. निवडप्रक्रियेत कुठल्याच संघानं न घेतलेल्या, पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या या पोराचं कारकिर्दीतलं ते पहिलं इंटरसेप्शन. नुसती प्रतिक्रिया देण्याच्या भरवशावर राहिला असता तर सिएटल जिंकलं असतं.

पण अंदाज बांधून निघणं हा जुगार आहे, आणि क्वार्टरबॅकला ते पक्कं माहीत असतं. तो डावीकडे बघून उजवीकडे फेकतो, हात अर्धा फिरवून थांबतो. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्सनं 2018मध्ये बाल्टिमोरविरुद्ध भलतीकडेच तोंड करून पास दिला होता, तेव्हा समालोचकांनाही क्षणभर कळलं नाही. आधीच निघालेला बचावपटू अशा वेळी फसला की त्याच्या मागे मोकळं मैदान असतं. पास नुसता हातानं उडवून लावला तर कुणाचंच मोठं नुकसान होत नाही. पकडायला झेपावून चुकला तर समोरचा चेंडू थेट गोलरेषेपलीकडे नेतो, म्हणजे टचडाउन. म्हणून बरेच प्रशिक्षक सांगतात, खात्री नसेल तर उडव.

हे सगळं लेनच्या काळातही होतंच. मग आकडा एवढा का घसरला? मोठा वाटा नियमांचा. 1978पासून, खेळी जिथून सुरू होते त्या रेषेच्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का द्यायला बंदी आली. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसीव्हरांना इतका रगडायचा की हा नियम आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. 2004मध्ये पंचांना तो कडकपणे राबवायला सांगितलं गेलं. धक्का बसला की रिसीव्हरची लय बिघडते, पास जिथे पडतो तिथे तो नसतो, आणि असे अनाथ पास बचावाच्या हातात जातात. धक्केच बंद झाल्यावर तेही आटले. त्याच सुमारास बिल वॉल्श यांची छोट्या पासची पद्धत रुजली. 1970मध्ये सिनसिनाटी संघात, हाताशी फारसा ताकदवान क्वार्टरबॅक नसताना, त्यांनी ती बसवायला घेतली आणि पुढे 1979पासून सॅन फ्रान्सिस्कोत तिला विजेतेपदांपर्यंत नेलं. पाच-सात यार्डांचा पास हवेत अर्धा सेकंदही राहत नाही. वरच्या गणितात तो वेळ घालून बघा, वर्तुळ हाताच्या लांबीएवढंच उरतं.

क्वार्टरबॅकला जोखायची मापंही बदलली. जो नेमथनं 1967मध्ये 4007 यार्ड पास फेकले आणि 28 वेळा चेंडू गमावला, तरी तो नायकच राहिला. आता एकेका इंटरसेप्शनचा हिशेब लागतो. पासचं मूल्य काढायच्या एका प्रचलित सूत्रात त्यापोटी 45 यार्ड वजा होतात. जागा दिसली नाही तर चेंडू सरळ मैदानाबाहेर भिरकावणं हे आता शहाणपण समजलं जातं. 2018मध्ये एरन रॉजर्सनं 597 पास फेकले आणि त्यांतले फक्त 2 प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागले. त्यात प्रतिस्पर्ध्यांचा काय दोष? इंटरसेप्शन हे बरंचसं फेकणाऱ्याच्या चुकीचं माप आहे, आणि फेकणाऱ्यांनी चुका कमी केल्या आहेत.

आकडा लहान झाला की नशिबाला मोकळं रान मिळतं. हा भाग प्रेक्षक सहसा विसरतात आणि वर्तमानपत्रांचे मथळे तर हमखास. एका संघासमोर हंगामात साडेपाचशेच्या वर पास येतात. शंभराला 2.3 या दरानं 13 इंटरसेप्शन व्हावेत. अशा विरळ घटनांना प्वासाँ वितरण हे संख्याशास्त्रातलं गणित लावलं तर सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे साडेतीनच्या जरा वर, चढउतार केवळ योगायोगानं अपेक्षित असतो. सगळे संघ तंतोतंत सारख्या कुवतीचे असते तरी दोन-तृतीयांश संघ 10 ते 16च्या दरम्यान पडले असते, आणि एखाद-दुसरा 6 किंवा 20वर. प्रत्यक्षातली तालिका याहून फार वेगळी दिसत नाही. कुणाच्या तरी हाताला लागून उडालेला चेंडू डावीकडे पडतो की उजवीकडे, यावर कुठल्या प्रशिक्षकाचा ताबा असणार?

नशिबाला मर्यादाही असते, आणि ते तपासायला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा 2018चा हंगाम नामी आहे. त्यांचं मैदान सिलिकॉन व्हॅलीत, सांता क्लारात. त्या भागात राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना हा खेळ लागलाय त्यांना तो हंगाम आठवत असेल. अख्ख्या हंगामात 2 इंटरसेप्शन. तो नीचांकी विक्रम होता. 500 पास आणि शंभराला 2.4 असा दर धरला तर 12 अपेक्षित. 12च्या जागी 2 किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता साधारण दोन हजारात एक. लीगमध्ये 32 संघ आहेत, तेव्हा निव्वळ दुर्दैवानं असं साठ वर्षांतून एकदा घडावं. माझ्या मते दुर्दैवाच्या जोडीला आणखी दोन गोष्टी होत्या. हा संघ 16पैकी 12 सामने हरला. पुढे असलेल्या प्रतिस्पर्ध्याला धाडसी पास फेकायची गरजच नसते. तो चेंडू घेऊन पळतो आणि घड्याळ खातो. दुसरी गोष्ट क्वार्टरबॅकवरचा दबाव. पुढच्या वर्षी निक बोसा आणि डी फोर्ड यांना आणून पुढची फळी मजबूत केली, क्वार्टरबॅकला पाडण्याची संख्या 37वरून 48वर गेली. बचावाचे प्रशिक्षक रॉबर्ट सालेह तेच, बचावपटू रिचर्ड शर्मन तोच. इंटरसेप्शन झाले 12, आणि संघ थेट सुपर बोलमध्ये पोचला. तिथे त्यांनी माहोम्सचे दोन पास पकडले, आधीच्या अख्ख्या हंगामाइतके. सामना मात्र 31-20 असा हरले.

उलटी बाजू डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्जची. 2021मध्ये 11 इंटरसेप्शन, 1981नंतर कुणाला न जमलेला आकडा. पुढच्या वर्षी 3. तो विसरला नव्हता काही. आधी त्याच्या झेपांना फळं आली होती, ती पुढच्या वर्षी यायची थांबली. शिवाय त्या विक्रमी हंगामातही त्याच्या बाजूनं प्रतिस्पर्ध्यांनी ढिगानं यार्ड काढले होते, कारण झेप चुकली की काय होतं ते वर आलंच आहे.

एक प्रसंग तर असा येतो की तिथे चेंडू पकडूच नये. समजा प्रतिस्पर्धी तुमच्या 45 यार्डांच्या रेषेवर आहे, चौथा आणि शेवटचा प्रयत्न चालू आहे, आणि त्यानं जिवावर उदार होऊन लांब पास फेकला. तो खाली पाडला तर चेंडू तुम्हाला 45च्या रेषेवर मिळतो. पकडून 5 यार्डांच्या रेषेवर पडलात तर तिथूनच सुरुवात, म्हणजे 40 यार्डांचं नुकसान. बाजूनं प्रशिक्षक ‘पाड, पाड’ ओरडत असतात. पण इंटरसेप्शन खेळाडूच्या खात्यावर जमा होतं, पाडलेल्या पासला कुणी विचारत नाही, आणि अनेक जण तो चेंडू छातीशी धरूनच खाली येतात.