खोली, किल्ली आणि रोजचा खर्च

बेघर माणसाला घर देणे आणि ते घर त्याच्याकडे टिकून राहील असे पाहणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे कळायला न्यूयॉर्क शहराला बराच काळ लागला. तिथे ज्याला 'सपोर्टिव्ह हाउसिंग' म्हणतात त्याची मांडणी तशी सोपी आहे. भाडेकरूच्या नावाने रीतसर करार होतो, भाडे साधारणपणे त्याच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांइतके असते, राहण्याला मुदत नसते, आणि औषधोपचार, सरकारी कागदपत्रे, व्यसनमुक्ती अशा बाबतींत हात देणारा केसवर्कर त्याच इमारतीत किंवा हाकेच्या अंतरावर असतो. शेल्टरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या निवाऱ्यात, खाट मिळते. इथे किल्ली मिळते. ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते खरी, पण तिचा निम्मा भाग शहराने स्वतःच मोडून टाकलेल्या एका जुन्या सोयीची दुरुस्ती आहे, आणि आजच्या अडचणी समजायच्या तर तिथपर्यंत मागे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कमध्ये एकट्या, गरीब माणसाला परवडेल अशी जागा मिळत होती. 'सिंगल रूम ऑक्युपन्सी' किंवा एसआरओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या हॉटेलांत आठवड्याच्या भाड्याने एक खोली घेता येई. आत एक खाट, फार तर एक बेसिन, आणि संडास-न्हाणीघर बाहेर बोळात, सबंध मजल्याला मिळून. चाळ पाहिलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही, मात्र गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत, तर इथे खोली लहान का असेना, एकाचीच असे. याहून स्वस्त सोय बावरी रस्त्यावर होती : मोठ्या दालनात फळ्या ठोकून पाडलेली खोपटी आणि वर छताऐवजी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी. शहराच्या लेखी हा सगळा बकालपणा होता. १९५५ मध्ये नव्या एसआरओ खोल्या बांधण्यास मनाई झाली, आणि १९७०च्या दशकाच्या मध्यात अशा हॉटेलांचे महागड्या फ्लॅटांत रूपांतर करणाऱ्या मालकांना 'जे-५१' या योजनेखाली करसवलतही मिळू लागली. काही दशकांत एक लाखाहून अधिक खोल्या नाहीशा झाल्या. चूक ध्यानात आल्यावर शहराने १९८५ मध्ये अशी रूपांतरे थांबवली, पण खासगी मालमत्तेवर मोबदल्याविना आलेले बंधन म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो कायदा रद्द केला.

याच वर्षांत दुसरीकडे मनोरुग्णालये रिकामी होत होती. १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मनोरुग्णालयांत सुमारे ९३,००० रुग्ण होते. नवी औषधे आली, रुग्णालयांतल्या कोंडवाड्यासारख्या अवस्थेवर टीका वाढली, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १९६३ मध्ये सही केलेल्या कायद्याने गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रे उभारण्याचे आश्वासन दिले. रुग्णालयांतून माणसे बाहेर पडली, केंद्रे मात्र देशभरात ठरलेल्यापैकी जेमतेम निम्मी उभी राहिली. घरी सोडलेल्या रुग्णांपैकी अनेकांना घर नव्हतेच. ते एसआरओ हॉटेलांत येऊन राहिले. एका खात्याने माणसे ज्या खोल्यांत पाठवली त्याच खोल्या दुसरे खाते सवलत देऊन बंद करवत होते, आणि या दोन फायली एकाच टेबलावर कधी आल्या असाव्यात असे वाटत नाही.

परिणाम १९७०च्या दशकाच्या अखेरीस फुटपाथवर दिसू लागला. ऑक्टोबर १९७९ मध्ये रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने बावरीवरच्या बेघर पुरुषांच्या वतीने दावा दाखल केला. त्याचा आधार राज्यघटनेतील १९३८ चे एक कलम होते, ज्यात गरजूंना मदत आणि आधार देण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. पहिले वादी रॉबर्ट कॅलहन यांच्या नावानेच तो खटला ओळखला जातो. ऑगस्ट १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि मागेल त्या पुरुषाला निवारा देणे शहरावर बंधनकारक ठरले. हा हक्क पुढे स्त्रियांना आणि कुटुंबांनाही मिळाला. खाट किमान ३० इंच रुंद असावी, चादर, उशी, टॉवेल, साबण द्यावा, सामान कुलुपात ठेवण्याची सोय असावी, इथपर्यंत तो हुकूमनामा बारीक आहे. कॅलहन यांना मात्र ती खाट मिळाली नाही. हुकूमनाम्यावर सह्या होण्याआधीच त्यांचा बावरीच्या रस्त्यावर मृत्यू झाला होता.

या हुकूमनाम्याने शहराला खाटा पुरवायला लावले, पण घर देण्याचा शब्द त्यात नव्हता. सरकारी शस्त्रागारांच्या विस्तीर्ण दालनांत शेकडो खाटा ओळीने मांडल्या गेल्या आणि खर्च वाढत गेला. वेगळी वाट धरली ती फ्रान्सिस्कन पंथाच्या तीन धर्मगुरूंनी. जॉन मॅकव्हीन, जॉन फेलिस आणि थॉमस वॉल्टर्स हे एसआरओंत राहणाऱ्या माजी मनोरुग्णांमध्ये काम करत होते. हॉटेले विकली जाताना पाहून त्यांनी १९८० मध्ये पूर्व २४व्या रस्त्यावरची एक इमारतच विकत घेतली आणि तिथे सेंट फ्रान्सिस रेसिडेन्स सुरू केले. खोल्या जुन्याच, भाडेकरू बरेचसे तसेच. भर पडली ती इमारतीतच भेटणाऱ्या, नावाने ओळखणाऱ्या आणि औषध घेतले का हे विचारणाऱ्या माणसांची. पुढच्या सगळ्या योजनांचा सांगाडा इथे तयार होता.

मोठ्या प्रमाणावर हे जमेल का, याचे उत्तर टाइम्स स्क्वेअर हॉटेलने दिले. पश्चिम ४३व्या रस्त्यावरचे हे दिवाळखोरीत निघालेले हॉटेल रोझॅन हॅगर्टी यांच्या 'कॉमन ग्राउंड' संस्थेने १९९१ मध्ये हाती घेतले आणि त्यात ६५२ घरे केली. तिथे बेघर राहिलेल्यांच्या शेजारी कमी पगाराचे नोकरदारही ठेवले, म्हणजे इमारतीला संस्थेची कळा येऊ नये. त्याच सुमारास, १९९० मध्ये, राज्य आणि शहर यांच्यात 'न्यूयॉर्क/न्यूयॉर्क' नावाचा करार होऊन मानसिक आजार असलेल्या बेघरांसाठी साडेतीन हजारांच्या आसपास घरांची तरतूद झाली. २००५ च्या तिसऱ्या करारात हा आकडा ९,००० वर गेला. मधल्या काळात, २००२ मध्ये, संशोधक डेनिस कल्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घर मिळालेल्या ४,६७९ जणांच्या नोंदी तपासल्या. घर मिळण्यापूर्वी अशा एका माणसावर शेल्टर, रुग्णालय, तुरुंग मिळून वर्षाला सरासरी ४०,४५१ डॉलर खर्च होत होते. घर मिळाल्यावर त्यात १६,२८१ डॉलरची घट झाली, आणि घराचा खर्च त्यातून जवळजवळ भरून निघाला. हा युक्तिवाद फार गाजला. माझ्या मते तो जरा जास्तच गाजला, कारण बचत हे कारण पुढे केले की ज्यांच्यामुळे बचत होत नाही अशा बेघरांचा दावा आपोआप लंगडा पडतो.

घरासाठी आधी 'तयार' व्हावे लागते, ही अट मात्र बहुतेक ठिकाणी होती : आधी दारू सोडा, उपचार घ्या, मग घर. सॅम त्सेम्बेरिस यांच्या 'पाथवेज टू हाउसिंग'ने १९९२ पासून हा क्रम उलटा केला. शहरभर विखुरलेले साधे फ्लॅट भाड्याने घेऊन ते थेट रस्त्यावरच्या माणसाला दिले आणि उपचार त्याच्या मर्जीवर ठेवले. पाच वर्षांनंतर या कार्यक्रमातले ८८ टक्के भाडेकरू घरात होते, तर शहराच्या नेहमीच्या पद्धतीत ४७ टक्के. 'हाउसिंग फर्स्ट' या नावाने ही पद्धत पुढे अमेरिकेच्या केंद्र सरकारने स्वीकारली, आणि कॅनडाने २००९ पासून पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांसह तिची चाचणी घेतली.

करारांच्या या इतिहासात एक गोष्ट ठळक दिसते. आकडे नेहमी बांधायच्या घरांचे असतात. शहराने २०१५ मध्ये पंधरा वर्षांत १५,००० घरे जाहीर केली, लगोलग राज्याने २०,००० जाहीर केली. पण सपोर्टिव्ह हाउसिंग चालते ते रात्रपाळीचा पहारेकरी, केसवर्कर आणि लिफ्ट दुरुस्त करणारा यांच्या पगारावर, आणि त्या पैशाचा दर इमारत कोणत्या वर्षीच्या योजनेत बसली यावर ठरतो. राज्याच्या २०१६ च्या योजनेत सेवांसाठी घरटी वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत मिळू लागले, तर १९८७ पासूनच्या जुन्या योजनेतील अनेक घरांना जेमतेम तीन हजारांच्या आसपास मिळत होते. बाहेरून दोन्ही इमारती सारख्याच दिसतात. जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या टेबलावर एकच माणूस असतो, एका केसवर्करकडे दुपटी-तिपटीने फायली असतात, तो वर्ष-दीड वर्षात नोकरी सोडतो, आणि साठी-सत्तरीला पोहोचलेल्या भाडेकरूला नव्या माणसापाशी आपली कथा पहिल्यापासून सांगावी लागते. शिवाय २०२२ च्या सुमारास दोन हजारांहून अधिक घरे रिकामी असताना शेल्टरे भरलेली होती; अर्ज, मुलाखती, मनोविकारतज्ज्ञाचा दाखला यांच्या साखळीत महिनोन्‌महिने जात होते.

जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने केंद्र सरकारचा 'हाउसिंग फर्स्ट'ला असलेला पाठिंबा काढून घेण्याची दिशा ठरली, आणि उपचाराची अट पुन्हा पुढे आली. त्याचा फटका बसतो तो इमारतींवर काढलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जांना आणि भाडेकरूंच्या बेमुदत करारांना, कारण दोन्ही ज्या केंद्रीय अनुदानावर उभे आहेत, ते बव्हंशी दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावे लागते.