तीन क्रियापदं, सहा क्रम आणि नकाशावर न उमटलेले दोन

'इक फिंट दात इडरेन मूट क्युनन झ्वेमन.' प्रत्येकाला पोहता यायला हवं असं मला वाटतं, एवढाच या डच वाक्याचा अर्थ. नेदरलँड्सचा जवळपास चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली असल्यावर कोणालाही असं वाटणारच. भाषाशास्त्रज्ञांचा डोळा मात्र वाक्याच्या शेपटाकडे आहे. तिथे तीन क्रियापदं एकापाठोपाठ उभी आहेत: मूट (हवं), क्युनन (येणं, जमणं) आणि झ्वेमन (पोहणं). त्यांना अनुक्रमे 1, 2, 3 असे आकडे देऊ. प्रमाण डचमध्ये क्रम 1-2-3. आपण नेमकं उलटं बोलतो: पोहता, यायला, हवं. म्हणजे 3-2-1.

तीन वस्तू सहा प्रकारे मांडता येतात, हे शाळेतलं गणित. मग डचच्या शेकडो बोलींमध्ये हे सहाही क्रम कुठे ना कुठे ऐकू येतात का?

असे प्रश्न पूर्वी कोणी फारसे विचारले नव्हते. बोलींचा अभ्यास म्हणजे शब्द आणि उच्चार गोळा करणं, अशीच युरोपात रीत होती. वाक्यरचना गोळा करणं अवघड म्हणून ती मागे पडली. 2000 साली ॲमस्टरडॅमच्या मेर्टन्स इन्स्टिट्यूटने नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या विद्यापीठांना सोबत घेऊन हे काम अंगावर घेतलं. प्रकल्पाचे प्रमुख होते शेफ बार्बिर्स. नेदरलँड्स, बेल्जियमचा डचभाषक भाग आणि फ्रान्सच्या उत्तर टोकाची फ्लेमिश (म्हणजे तिथली डच बोली) बोलणारी पट्टी मिळून 267 ठिकाणी मुलाखती झाल्या. त्यातून डच बोलींच्या वाक्यरचनेचा ॲटलास तयार झाला. पहिला खंड 2005 मध्ये आला, दुसरा 2008 मध्ये.

मुलाखत घेण्याची पद्धत मला निकालांइतकीच आवडली. शहरातला सुशिक्षित माणूस गावात जाऊन 'तुम्ही असं बोलता का हो?' असं विचारू लागला, की समोरचा नकळत प्रमाण भाषेकडे झुकतो. आपल्याकडेही पाहुण्यासमोर बोली बदलतेच. म्हणून नेदरलँड्समध्ये संशोधकांनी स्वतः मागे राहून गावातल्याच एकाला तयार केलं आणि त्याने गावातल्याच दुसऱ्याला बोलीतूनच प्रश्न विचारले. बेल्जियममध्ये विचारणारा त्या भागाच्या वळणाने बोलायचा. बोलणारे निवडले ते त्याच गावात वाढलेले आणि बहुतेक पंचावन्न ते सत्तरच्या वयातले. काही वाक्यं बोलीत करून सांगायची होती, तर काही ऐकून 'हे आमच्याकडे चालतं' किंवा 'नाही चालत' एवढंच ठरवायचं होतं. काही उरलेसुरले प्रश्न नंतर फोनवर विचारले गेले.

पोहण्याच्या वाक्याचा नकाशा तयार झाला तेव्हा 1-2-3 जवळजवळ सगळीकडे दिसला. उत्तरेत, विशेषतः फ्रीसलंडमध्ये, थेट मराठी वळणाचा 3-2-1 निघाला. (फ्रिसियन ही खरं तर वेगळी भाषा आहे, पण ॲटलासने तिलाही सामावून घेतलं.) 1-3-2 आणि 3-1-2 हेही मिळाले. 2-1-3 आणि 2-3-1 मात्र 267 ठिकाणांपैकी कुठेच नाहीत.

खरी मेख इथे आहे. माणसं मनाला येईल तसे शब्द फिरवत असती, तर एवढ्या ठिकाणी कोणाच्या तरी तोंडून तेही आले असते. आता साधा हिशोब करू. 'पोहता येणं' हा आधी एक गट होतो आणि मग 'हवं' त्या गटाला चिकटतं, असं धरा. गटाच्या आत 2-3 किंवा 3-2, आणि 1 गटाच्या आधी किंवा नंतर. या हिशोबाने चार क्रम निघतात: 1-2-3, 1-3-2, 2-3-1 आणि 3-2-1. म्हणजे 2-1-3 का नाही, याचं उत्तर लगेच मिळतं. पण 2-3-1 चालायला हवा होता, तो नाही. आणि 3-1-2 मध्ये 'हवं' गट फोडून मधे घुसलंय, तरी तो आहे! बोलणारे चुकले असं म्हणून हात झटकता आले असते, पण एका जागी झालेली चूक अशी अनेक गावांत सापडत नसते.

बार्बिर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की 3-1-2 मध्ये पुढे आलेलं 'झ्वेमन' क्रियापद राहिलेलंच नाही, ते नामासारखं वागतं. 'प्रत्येकाला फ्रेंच यायला हवं' या डच वाक्यात 'फ्रेंच' हे नाम दोन्ही क्रियापदांच्या आधीच येतं. पोहणंही त्याच जागी जाऊन बसलं, तर गट फुटण्याचा प्रश्नच उरत नाही. मला हे पटतं, कारण याला अर्थाचा आधार आहे.

तो आधार दोनच क्रियापदांच्या जोडीत स्वच्छ दिसतो. दुय्यम वाक्यात, म्हणजे 'की'च्या मागून येणाऱ्या वाक्यात, 'त्याने काम केलं आहे' हे डच माणूस 'हेफ्ट गेवेर्क्ट' (हेफ्ट म्हणजे 'आहे', गेवेर्क्ट म्हणजे 'काम केलं') असंही म्हणतो आणि 'गेवेर्क्ट हेफ्ट' असंही. पहिल्या क्रमाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा म्हणतात. ही नावं अनिता पाउवेल्स यांच्या 1953 च्या अभ्यासातल्या नकाशांवरच्या रंगांवरून पडली. बोलींचा कल बराचसा हिरव्याकडे, तर नेदरलँड्समधल्या छापील भाषेचा लालकडे. बहुतेक वेळा अर्थात फरक पडत नाही. पण दुकानाबद्दल 'गेस्लोटन इज' असा हिरवा क्रम वापरला, तर 'दुकान बंद आहे' असाही अर्थ होतो आणि 'बंद करण्यात आलं आहे' असाही. लाल क्रमात, 'इज गेस्लोटन' म्हटलं, की बंद करण्याची क्रियाच उरते. पुढे आलेलं रूप विशेषण होऊ शकतं, मागे राहिलेलं होऊ शकत नाही.

दक्षिणेला बेल्जियममधल्या पश्चिम फ्लँडर्समध्ये गेलं, की आणखी गंमत. तिथे 'की' हे उभयान्वयी अव्ययसुद्धा कर्त्याप्रमाणे बदलतं. 'यान जातो' (यान हे माणसाचं नाव) याच्या आधी 'दा' येतं, तर 'यान आणि पोल जातात' याच्या आधी 'दान'. आपण 'कीत' म्हणावं तसं. इतकंच काय, 'हो' म्हणतानाही 'मी'ची खूण जोडतात: 'यॉक', आणि 'ती' असेल तर 'यॉस'. 'नाहीस', 'नाहीत' म्हणणाऱ्या आपल्याला याचं फार नवल वाटू नये, पण 'हो'ला असं करणं आपल्यालाही सुचलेलं नाही. लिलियान हागमन या भाषाशास्त्रज्ञ ही बोली घरूनच घेऊन आलेल्या. त्यांनी दाखवलेल्या अशा नमुन्यांमुळे पश्चिम फ्लेमिश जगभरच्या वाक्यरचनेच्या चर्चेत जाऊन पोचली.

ॲटलासचा सगळा डेटा ऑनलाइन खुला आहे. गाव निवडायचं, वाक्य निवडायचं, नकाशा स्वतः काढायचा. मुलाखतींचे आवाजही ऐकता येतात. डच येत नसलं तरी सुरुवात फ्रीसलंडपासून करा: तीन क्रियापदं आपल्याच क्रमाने कानावर पडतील.