आकाशवाणी, जळगाव केंद्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतील श्रोत्यांसाठी चालणारे आकाशवाणीचे केंद्र. १९७६ मध्ये सुरू झाले. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) ९६३ किलोहर्ट्‌झ या कंप्रतेवर त्याचे प्रसारण होत आले असून प्रक्षेपकाची शक्ती २० किलोवॅट आहे. मुंबई-नागपूरच्या प्रक्षेपकांपुढे ही ताकद थोडी. तरीही खानदेशाच्या बोलीला आणि इथल्या शेतीला रेडिओवर हक्काची जागा मिळाली ती याच केंद्रामुळे.

जळगाव शहरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरच्या एका मोठ्या चौकाला ‘आकाशवाणी चौक’ हेच नाव पडले आहे. ज्याने वर्षानुवर्षे रेडिओ लावलेला नाही तोही रिक्षावाल्याला ‘आकाशवाणीला सोड’ असेच सांगतो.

केंद्र सुरू होण्यापूर्वी खानदेशात मुंबई, पुणे, इंदूर अशी दूरची केंद्रे ऐकली जात. रेडिओसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे आणि गावात संच मोजकेच असत. चावडीवरचा किंवा एखाद्या ओट्यावरचा रेडिओ सगळ्या आळीचा असे. त्यातून येणारी मराठी पुण्या-मुंबईची होती, पाऊसपाण्याची माहितीही बहुधा तिकडचीच. जळगाव केंद्र आले ते वर्ष आकाशवाणीच्याही इतिहासात वेगळे आहे. एप्रिल १९७६ मध्ये दूरदर्शन आकाशवाणीपासून स्वतंत्र झाले. महाराष्ट्रात दूरदर्शन तेव्हा मुंबई-पुण्याच्या परिसरापुरते होते, त्यामुळे खानदेशातल्या घरांत पुढची कित्येक वर्षे रेडिओला स्पर्धकच नव्हता.

९६३ किलोहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ३११ मीटर भरते. मध्यम लहरींचा मनोरा स्वतःच अँटेना असतो, आणि त्याच्या बुंध्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. दिवसा या लहरी जमिनीला धरून जातात. तापीकाठची काळी, ओल धरणारी जमीन त्यांना मानवते. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांबलांबची केंद्रे त्याच जागी येऊन धडकतात आणि आवाजात खरखर मिसळते. संध्याकाळी उशिरा संच कानाशी धरून, दिशा फिरवत ऐकण्याची सवय जुन्या श्रोत्यांना लागली ती यामुळेच.

आकाशवाणीच्या इतर प्रादेशिक केंद्रांप्रमाणे इथेही दिवसाचे प्रसारण सभांमध्ये, म्हणजे ठरावीक वेळांच्या सत्रांमध्ये, विभागलेले असते. भक्तिगीते, दिल्लीहून आणि राज्यातल्या मोठ्या केंद्रांवरून सहक्षेपित होणाऱ्या बातम्या, चित्रपटसंगीत, महिला, मुले आणि युवकांसाठीचे कार्यक्रम, श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरे हा सांगाडा सगळीकडे सारखाच. खानदेशाची ओळख पटते ती शेतीच्या आणि लोकसंगीताच्या वेळात.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात शेतकऱ्याचे वर्ष मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली बाग) या शब्दांत मोजले जाते. पावसाळ्याच्या तोंडावर सुटणारा एक वारा घडावर आलेली बाग तासाभरात आडवी करतो, आणि पानांवर करपा आला तर फवारणीला आठवड्याचा उशीरही परवडत नाही. अशा पिकाला महिन्याने छापून येणारा सल्ला पुरत नाही. हवामानाचा अंदाज, कापूस, दादर ज्वारी, केळीचे बाजारभाव, कृषी शास्त्रज्ञांच्या मुलाखती ही या केंद्राची रोजची भाकरी राहिली. आकाशवाणीने २००४ मध्ये देशभर ‘किसानवाणी’ सुरू केली, पण शेतीविषयक प्रसारणाची घडी त्याच्या कितीतरी आधीची आहे. या कार्यक्रमांत तज्ज्ञाइतकाच मोलाचा ठरतो तो प्रयोगशील शेतकरी. तो ‘लागवड केली’ असे न म्हणता ‘लाई टाकी’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला तो आपल्या शिवारातला वाटतो.

बोलीचा प्रश्न इथे कळीचा आहे. २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या शीर्षाखाली सुमारे १८.६ लाख भाषक नोंदले गेले, त्यांतले बहुसंख्य अहिराणी बोलणारे. त्याखेरीज लेवा गणबोली, तावडी, गुजरी, सातपुड्यातल्या भिली आणि पावरी या बोली आहेतच. शाळेत ‘पाऊस आला का?’ असे विचारावे लागे, घरी मात्र ‘पानी उना का?’ हेच चाले. घरचे बोलणे गावंढळ समजून दडवणाऱ्या पिढीला तेच बोलणे रेडिओच्या संचातून, निवेदकाच्या स्वच्छ आवाजानंतर लगेच ऐकू आले. अहिराणी संवाद, श्रुतिका, कथाकथन आणि कवितावाचन यांचे हे काम एखाद्या साहित्यसंमेलनाहून कमी नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेची ही भूमी, तिची बोलीही इथून त्याच मातीच्या उच्चारात ऐकू आली.

लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांत आखाजीची (अक्षय तृतीयेची) झोक्यावरची गाणी, श्रावणात पुजल्या जाणाऱ्या कानबाई या देवीची गाणी आणि वहीगायन हा खानदेशी लोकगायनाचा प्रकार हा खास ठेवा. एरवी अंगणात, रात्रभर, कुणाच्याही सोयीने चालणारे गाणे स्टुडिओत आले की त्याला ठरावीक मिनिटांत बसावे लागते. मायक्रोफोनपुढे उभ्या बायांना टाळ्या हलक्या वाजवायला आणि बांगड्या आवरायला सांगावे लागते. त्यात काहीतरी हरवते हे खरे. पण ते गाणे टिकले तेही ध्वनिमुद्रणाच्या याच फितीमुळे. फीत महाग असल्याने मजकूर पुसून तीच पुन्हा वापरण्याची रीत आकाशवाणीत सर्वत्र होती, म्हणून राहिलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे अंकीकरण (डिजिटायझेशन) ही खानदेशाच्या सांस्कृतिक इतिहासाची तातडीची गरज आहे.

स्थानिक रेडिओची स्वतंत्र कल्पना आकाशवाणीने १९८४ मध्ये नागरकोइल येथून राबवायला घेतली. पुढे धुळ्यालाही आकाशवाणीचे एफएम केंद्र झाले. जळगाव-धुळ्यात खासगी एफएम वाहिन्याही आल्या. त्यांचा भर हिंदी चित्रपटगीतांवर आणि शहरी गप्पांवर आहे, स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांना मुभा नाही. मोबाइलमधल्या रेडिओवर एफएम तेवढेच लागते, त्यामुळे मध्यम लहरींचा श्रोता जुना संच बिघडला की गळत जातो. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये पोटासाठी गेलेल्या खानदेशींना आता आकाशवाणीच्या अ‍ॅपवरून आपले केंद्र ऐकता येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या दऱ्यांत मात्र एफएम डोंगराआड अडते आणि मोबाइलची रेंजही तुटक असते. तिथल्या पाड्यांवर मध्यम लहरींचा संच अजून उपयोगाचा आहे.