हा ‘परशुराम’ श्रीनगरला उतरलेला नव्हे!

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात वायुदलाचं ‘परशुराम’ नावाचं जुनं डकोटा मालवाहू विमान दिसलं की नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘२७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलं, ते हेच विमान.’ ऐकायला झकास, पण खरं नाही.

त्यावरचा ‘व्हीपी ९०५’ हा क्रमांक त्या मोहिमेतल्या डकोटाचा. सन्मान म्हणून तो या दुसऱ्याच विमानावर रंगवलाय. हे विमान ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत भारतात आलं. तेव्हाचे राज्यसभा खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर, स्वतः डकोटाचे वैमानिक.

मग हे ‘नकली’ का? मुळीच नाही. सांगाडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलाच. आणि खरी मजा आवाजात आहे. पंख्यामागे गोलाकार बसवलेले १४ सिलिंडर, अशी दोन इंजिनं. जेट किंचाळत निघून जातं. हे घुमत, रमतगमत येतं. शेजारचे आजोबा तेवढ्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि निवेदक मध्येच बोलला की चिडतात.