समूहवाचक शब्द (मराठवाड्यातील शेतीव्यवहार)

एकाच जातीच्या सुट्या वस्तू गोळा करून, बांधून किंवा रचून जो एक नग तयार होतो, त्याच्या नावाला समूहवाचक शब्द म्हणतात. शाळेत केळ्यांचा घड, गवताची पेंढी, किल्ल्यांचा जुडगा अशी यादी पाठ होते आणि इंग्रजीच्या तासाला बंच, शीफ, स्टॅक, बेल यांची. शेतात आणि बाजारात याच शब्दांवर मोजणी, भाव आणि मजुरी ठरते. मराठवाड्यात हे सर्वांत ठसठशीत दिसते ते रब्बी ज्वारीच्या कडब्यात, म्हणजे चाऱ्यासाठी ठेवलेल्या वाळक्या ताटांत.

मालदांडी किंवा दगडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये उपटली किंवा कापली जाते. ताटे शेतातच ओळीने पसरून वाळवतात आणि मग पेंढी बांधतात. इंग्रजीतली शीफ ती हीच. बांधायला ताटांचाच पिळलेला आळा (बंध) किंवा अंबाडीचा, केकताडाचा (घायपाताचा) वाख, म्हणजे तंतू, वापरतात. आता सुतळीही चालते. बांधणी भल्या पहाटे करायची. दवाने पाने मऊ असतात, आळा पिळला तरी तुटत नाही. ऊन चढल्यावर बांधले की पाला झडून जमिनीवर पडतो, आणि जनावर आधी खाते ते पालाच. उलट ताटे बुडख्याशी ओली असताना बांधली, तर पेंढी आतून तापते, बुरशी धरते आणि कडबा काळा पडतो.

पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. कडब्याचा भाव शेकड्यावर बोलतात, पण पेंढीचा आकार कुठेच ठरलेला नाही. म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी मधली एखादी पेंढी ओढून उचलून पाहतो, आळ्याखाली हात घालून ती किती गच्च आहे ते बघतो आणि मगच भावाला हात घालतो. पेंढी केवढी हे न विचारता दोन गावांच्या भावांची तुलना करणे व्यर्थ आहे.

कणसे मोडायची राहिली असतील, तर पेंढ्यांचे बुचाड लावतात: कणसे आत, बुडखे बाहेर. पाखरांपासून आणि अवकाळी सरींपासून दाणा वाचतो. कणसे खळ्यावर गेली की उरलेल्या कडब्याची गंजी (काही भागांत वळई) रचतात. खाली दगड आणि त्यावर तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) अंथरल्या नाहीत, तर तळाच्या थराला ओल आणि वाळवी लागते. बुडखे बाहेर, शेंडे आत. सगळे कसब मधला भाग कायम उंच ठेवण्यात आहे. मध्य भरलेला असला की प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला उतरती बसते आणि पाणी निथळून जाते. मध्य खचला की पेंढ्या आत कलतात, मृगाचा पाऊस थेट गाभ्यात उतरतो. वरून गंजी धड दिसते, पोळ्याच्या सुमारास उकलली की आत कुजलेले निघते. माथा घराच्या पाख्यासारखा निमुळता करून ताडपत्रीने झाकतात. लांबट गंजीची अरुंद बाजू पावसाळी वाऱ्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे ठेवणे बरे. विजेच्या तारांखाली गंजी लावणे धोक्याचे: वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या की ठिणगी पडते. एका मोठ्या गंजीपेक्षा अंतर राखून लावलेल्या दोन लहान गंज्या शहाणपणाच्या.

सोयाबीनच्या ढिगाला सुडी, गंजी किंवा लातूर-धाराशिवकडे बनीम म्हणतात. यात पेंढ्या नसतात, नुसता कापलेला माल. शेंगा ओल्या असताना बनीम घातली आणि वरून ताडपत्री करकचून बांधली, तर वाफ कोंडते; दाणा काळवंडतो आणि बियाण्याची उगवण जाते. कापलेला माल दोन-तीन उन्हे खाऊन मगच एकत्र करावा. बाजारात 12 टक्क्यांपर्यंतची ओल चांगली धरतात. त्यापुढे भावात कपात.

कापसाची गासडी, म्हणजे इंग्रजीतली बेल, ही मात्र ठरीव आहे: 170 किलो रुई, म्हणजे सरकी (बी) काढलेला कापूस. एका क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी; म्हणजे एका गासडीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. उतारा कमी पडला की हा हिशोब वाढतो.

नांदेडकडच्या अर्धापूर पट्ट्यात केळीचा घड, घडाच्या फण्या आणि फणीतली केळी अशी उतरंड आहे. इंग्रजीत त्याच क्रमाने बंच, हँड, फिंगर. शेवटच्या बारीक फण्या वेळीच काढल्या, तर वरच्या फण्या भरतात. मेथी-कोथिंबिरीची जुडी, गवताचा भारा, जळणाची मोळी हे शब्द सगळीकडचेच. बाजार समितीत ‘लॉट’ रुळला आहे: लिलावाला लावलेला एका शेतकऱ्याचा, एका प्रतीचा ढीग. त्यात वरखाली माल मिसळला, तर व्यापारी बोली सगळ्यांत हलक्या दाण्यावर लावतात.

हार्वेस्टरने काढलेल्या ज्वारीला पेंढी उरत नाही, आणि कुट्टी (बारीक तुकडे) करून ठेवलेला कडबा पोत्यात भरून किलोवर विकला जातो. तिथे पाचुंदा मोजायचे कारणच राहत नाही.